वडिलांना एचपीव्ही या व्हायरसमुळे टॉन्सिलचा कॅन्सर झालाय. 70 ऐवजी 60 ग्रे रेडिएशन मागावं का?

वडील एखाद्या ट्रायलमध्ये, म्हणजे उपचार तपासणाऱ्या अभ्यासात, नसतील तर मागू नका.

मी 2020 मध्ये न्यू जर्सीत पूर्ण 70 ग्रे (ग्रे म्हणजे रेडिएशनचं माप) घेतले. 35 खेपा, तोंडावर जाळीचा मास्क, जोडीला सिस्प्लॅटिन हे केमोचं औषध. तेव्हापासून डाव्या कानात रातकिडे आहेत आणि भाकरी आमटीत बुडवल्याशिवाय घशाखाली उतरत नाही. म्हणजे तुमचा प्रश्न मलाही पडला होता. पण माझ्याआधी पडला तो ठाण्याच्या साडूभाऊंना. ते सिव्हिल इंजिनिअर. व्हॉट्सॲपवर रोज एक पीडीएफ. आधी "सिस्प्लॅटिन सोड, सेटुक्सिमॅब घे" (हे कॅन्सरवरचं दुसरं औषध). त्यावर ब्रिटनच्या ट्रायलचा निकाल 2019 मध्येच आला होता: दोन वर्षांनी सिस्प्लॅटिनवाले 97.5 टक्के हयात, सेटुक्सिमॅबवाले 89.4, आणि त्रास दोघांना सारखाच. मग साडूंनी रेडिएशन धरलं. एका खेपेला 2 ग्रे, म्हणजे 30 झाल्या की 60. "पुढच्या पाच कशाला? व्हायरसवाला कॅन्सर मवाळ असतो, उगाच भाजून घेतोयस."

मवाळ असतो हे खरं आहे. म्हणून तर मोह होतो.

तिसावी खेप झाली तेव्हा पोटातल्या नळीतून जेवत होतो, बोलणं बंद. एकतिसाव्या दिवशी पार्किंगमध्ये गाडीतून उतरलोच नाही. बिलाच्या पाठीवर बायकोला लिहून दाखवलं, 'साडू म्हणतात ते बरोबर आहे.' तिने वाचलं, माझ्या बाजूचं दार उघडलं आणि उभी राहिली. दहा मिनिटं तरी. जानेवारीत. शेवटी उतरलो.

2024 मध्ये एनआरजी-एचएन005 चा निकाल आला, 70 आणि 60 ग्रेची तुलना करणाऱ्या ट्रायलचा. दोन वर्षं आजार न वाढता राहिलेले: 70 ग्रेवाले 98.1 टक्के, 60 वाले 88.6. हे रुग्णही निवडक, फारशी सिगरेट न ओढलेले. साडूंना पाठवला. निळ्या खुणा आल्या, उत्तर अजून नाही.

त्यांच्या बाजूनं एवढंच, की दोन वर्षांत जगण्या-मरण्यात मोठा फरक दिसला नव्हता. आधी ऑपरेशन करून नंतर कमी रेडिएशन देतात तो हिशोब वेगळा. वडील सिगरेट-विडी ओढत असतील तर 'मवाळ' हा शब्दच विसरा. नुसत्या पी16 वर (गाठीतल्या प्रथिनाची, एचपीव्हीचा अंदाज देणारी तपासणी) विसंबू नका, एचपीव्हीची वेगळी तपासणी मागा. मी डॉक्टर नाही. आणि सुरू करण्याआधी दात दाखवून घ्या. नंतर काढायची वेळ आली तर जबड्याचं हाड लवकर भरत नाही.