कुर्डुवाडी एवढंसं गाव, मग तिथलं रेल्वे यार्ड एवढं मोठं कसं?

गावामुळे स्टेशन आलं नाही, स्टेशनामुळे गाव वाढलं. मूळ गाव कुर्डू, ही त्याची वाडी. मुंबईहून येणारी जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वे 1860 मध्ये सोलापूरला पोचली, पण कापूस-धान्याची मोठी पेठ असलेली बार्शी बाजूलाच राहिली. बार्शीला जायचं तर इथे उतरायचं, म्हणून स्टेशनाचं नावही बार्शी रोड.

मग एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरने 1897 मध्ये इथून बार्शीपर्यंत अडीच फुटी, म्हणजे दोन रुळांत अडीच फूट अंतर असलेले, अरुंद रूळ टाकले. ‘बार्शी लाईट’ ती हीच. प्रत्येक आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार येऊ द्यायचा नाही, हा त्याचा नियम. त्यामुळे हलके, स्वस्त रूळ चालले आणि त्यावरूनही भरपूर माल नेता आला. माझ्या मते आपल्याकडच्या रेल्वे इतिहासातली ही फार मोठी गोष्ट आहे; तिची आठवण मात्र फारशी कुणी काढत नाही. पुढे फाटे वाढत गेले: 1906 ला पंढरपूर, 1911 ला लातूर, 1927 ला मिरज. सगळा मिळून सव्वातीनशे किलोमीटर.

आता यार्डाचं. या छोट्या गाडीचा डबा जीआयपीच्या रुंद रुळांवर चालत नाही. म्हणजे लातूरकडून मुंबईला निघालेलं प्रत्येक पोतं, कापसाची प्रत्येक गाठ इथे हमालांच्या पाठीवरून एका वाघिणीतून (मालडब्यातून) दुसरीत जायची. त्यासाठी दोन्ही मापांचे रूळ शेजारी-शेजारी हवेत, मालधक्का हवा, शंटिंगला, म्हणजे डबे मागेपुढे करून जोडायला-तोडायला, जागा हवी. शिवाय छोट्या गाडीची इंजिनं-डबे दुरुस्त करायला वर्कशॉप. आषाढीला तर मेल-पॅसेंजरमधून उतरलेले वारकरी पंढरपूरची गाडी धरायला धावायचे. डबे भरले की टपावरही माणसं. मला हे सगळं घरातल्या थोरल्यांकडून ऐकायला मिळालं, आणि कुर्डुवाडीतल्या बऱ्याच घरांत असं सांगणारं कुणीतरी असतंच.

1954 मध्ये सरकारने ही कंपनी ताब्यात घेतली. अरुंद रुळांचं ब्रॉडगेज, म्हणजे रुंद रूळ, टप्प्याटप्प्याने झालं: आधी पंढरपूर, 2008 पर्यंत लातूरची बाजू, मग पंढरपूर-मिरज. एकच माप झाल्यावर माल उतरवून चढवायचं कामच उरलं नाही, म्हणून यार्ड तुम्हाला आज गरजेपेक्षा मोठं दिसतं. जंक्शन मात्र टिकलं. आणि जुन्या छोट्या गाडीने बाजूला ठेवलेलं धाराशिव नव्या मार्गावर आलं.