डोमेन नेमला 'पत्ता' म्हणावं का?

प्रश्न असा होता की 'डोमेन नेम'ला, म्हणजे 'महाराष्ट्र डॉट गव्ह डॉट इन'सारख्या नावाला, मराठीत 'संकेतस्थळाचा पत्ता' म्हटलं तर चालेल का, आणि नुसत्या 'डोमेन'ला काय म्हणायचं.

मला विचाराल तर पत्ता म्हणू नये. खरा पत्ता आकड्यांचा असतो, आयपी अ‍ॅड्रेस, आणि डोमेन हे त्याच्यावर लावलेलं नाव. साइट उद्या दुसऱ्या सर्व्हरवर हलवली की आकडे बदलतात, नाव तेच राहतं, बिऱ्हाड हललं म्हणून आडनाव कुठे बदलतं? शिवाय कितीतरी लोक फक्त ईमेलसाठी डोमेन घेतात, तिथे संकेतस्थळ नसतंच मुळी.

गोंधळ होतो तो लिहायच्या पद्धतीमुळे, कारण ती थेट आपल्या पोस्टासारखी आहे. 'मु. पो. ओतूर, ता. जुन्नर, जि. पुणे' यात लहानाकडून मोठ्याकडे जातो ना, तसंच 'महाराष्ट्र डॉट गव्ह डॉट इन'. नावावरून आकड्यांचा शोध मात्र उलटा, शेवटाकडून चालतो: आधी रूट सर्व्हरला, म्हणजे सगळ्यात वरच्या पायरीवरच्या कॉम्प्युटरला, विचारायचं 'इन' कोणाकडे आहे, मग 'इन'वाल्यांना विचारायचं 'गव्ह' कोणाकडे, मग त्यांना 'महाराष्ट्र', आणि तिथे कुठे आकडे हातात पडतात. खरं तर 'इन'नंतरही एक टिंब असतं, आपण ते लिहीत नाही, तेच रूट. १९८३ मध्ये अमेरिकन संगणकशास्त्रज्ञ पॉल मोकापेट्रिस यांनी ही रचना मांडली, त्याआधी सगळ्या कॉम्प्युटरांची नावं एकाच फाइलमध्ये असायची आणि ती फाइल जो तो उतरवून घ्यायचा.

आता 'डोमेन'. मूळ लॅटिन 'दोमिनुस', म्हणजे मालक, त्यावरून मालकीचा मुलूख. आपल्याकडे याला फार सुंदर शब्द आहे, इलाखा, 'मुंबई इलाखा'मधला. प्रत्येक टिंबापाशी कारभार दुसऱ्याच्या हाती देता येतो, 'इन'च्या इलाख्यात 'गव्ह'चा इलाखा, त्यात पुन्हा 'महाराष्ट्र'चा, हे त्या शब्दात चटकन कळतं. रोजच्या बोलण्यात डोमेनच ठेवा, ते रुळलंय, पण कुणाला समजावताना इलाखा वापरून बघा.

आणि एक, 'डोमेन विकत घेतलं' हे मला खटकतं. तुम्ही कॉम किंवा इन नोंदवता ते मुदतीवर, एका वेळी जास्तीत जास्त १० वर्षं, मुदत वाढवली नाही तर हातचं जातं आणि दुसरा कुणीही घेऊ शकतो, म्हणजे हा भाडेपट्टाच झाला. 'डोमेन नोंदवलं' म्हणा, किंवा नुसतं 'डोमेन घेतलं', घर भाड्याने असलं तरी आपण 'पुण्यात घर घेतलंय दोन वर्षांसाठी' म्हणतोच की.