रेकीची पहिली पातळी झाल्यावर लगेच इतरांना शिकवता येते का?

नाही. रेकी म्हणजे हातांतून ऊर्जा देता येते असे मानणारी जपानी उपचारपद्धत. तिच्या पहिल्या पातळीत स्वतःवर आणि समोरच्यावर हात ठेवून रेकी द्यायला शिकतात, दुसरीत तिची चिन्हे आणि दूरस्थ रेकी, म्हणजे समोर नसलेल्याला दुरून रेकी देणे. शिकवायचे तर शिष्याला दीक्षा द्यावी लागते, आणि ती देता येते मास्टर या वरच्या पातळीनंतरच. सगळ्या पातळ्या एका शनिवार-रविवारात उरकणारे वर्गही आहेत, मी तरी त्यांच्या वाटेला जाणार नाही. मिकाओ उसुईंनी १९२२ मध्ये जपानात ही पद्धत सुरू केली, तेव्हा ‘आजच्यापुरते रागावू नकोस, काळजी करू नकोस’ अशी पाच तत्त्वे रोज म्हणायला सांगितली. हातांच्या जागा चटकन पाठ होतात. ही तत्त्वे अंगात मुरायला वेळ लागतो. निदान वर्षभर स्वतःवर साधना करा. आणि पुढे शिकवाल तेव्हा स्पष्ट सांगा, रेकीने आजार बरा होतो याला ठोस वैज्ञानिक पुरावा नाही, डॉक्टरांची औषधे चालूच ठेवायची.