कारणे दाखवा नोटीस आली की प्रमोशन थांबते का? न्यायाधीशांना नियम वेगळे असतात का?

नुसत्या नोटिशीने काही थांबत नाही. हे मी माझ्या साळ्याला निदान पन्नासदा सांगितलं, त्याला आजही पटत नाही.

मी रिटायर मंडळ अधिकारी, नोटीस आली तेव्हा तलाठी होतो. गारपिटीचे पंचनामे, तीन गावं एकट्याकडे, गहू-हरभरा झोपलेला, संत्र्याचा खाली सडा. कोतवाल पुढं टेप घेऊन अन मी मागून लिहितोय, त्यात एका गटाचा नंबर उलटा पडला, 47 चा 74, पैसे भलत्याच्याच खात्यात गेले. आली नोटीस, सात दिवसांत खुलासा द्या. साळा आस्थापनेवर बाबू, म्हणे, "भाऊजी, लेखी काही देऊ नका, लिहिलं की फसले, साहेबाले मी बोलतो, फाइल दाबून टाकू." बायकोही भावाच्याच बाजूनं. नाही दिला खुलासा.

फाइल काही दबली नाही. दोन महिन्यांनी आदेश, "खुलासा अप्राप्त, सबब काही म्हणणे नाही असे गृहीत धरून" एक वेतनवाढ एक वर्षासाठी बंद. पैशाचं काही वाटलं नाही, पण त्याच वर्षी पदोन्नतीची यादी निघाली, शिक्षा चालू म्हणून मी बाजूला, अन ज्या पोराला मी फेरफार लिहायला शिकवलं, मला काका म्हणायचा, तोच मंडळ अधिकारी होऊन माझे फेरफार प्रमाणित करायला आला. चहा मीच सांगितला त्याच्यासाठी. अपील करायला 45 दिवस असतात, तेव्हाही साळा म्हणे, "साहेब चिडतील." गेले 45 दिवस.

तर तुमचं. महाराष्ट्र नागरी सेवेच्या 1979 च्या शिस्त व अपील नियमांत ठपका, वसुली, वेतनवाढ रोखणं ह्या किरकोळ शिक्षा, त्या नियम 10 खाली खुलासा पाहून देता येतात, म्हणूनच खुलासा द्यायचा असतो बाबा! पदावनती, बडतर्फी असेल तर नियम 8 ची पूर्ण चौकशी लागते. अन प्रमोशनचं सुप्रीम कोर्टानं 1991 मध्येच जानकीरामन केसमध्ये सांगितलंय, दोषारोपपत्र बजावल्यावरच नाव मोहोरबंद पाकिटात जातं, म्हणजे निकाल लागेपर्यंत प्रमोशन राखून ठेवतात, त्याआधी नाही. निर्दोष सुटले तर पाकीट उघडतं, मानीव दिनांक मिळतो, म्हणजे प्रमोशन आधी व्हायला हवं होतं तीच तारीख धरतात. साळ्याला हे दाखवलं तर म्हणे कागदावर ठीक आहे.

न्यायाधीशांचं म्हणाल तर खालच्या कोर्टातल्यांवर हायकोर्टाचं नियंत्रण, राज्यघटनेचं कलम 235. हायकोर्ट-सुप्रीमवाल्यांना वेतनवाढ रोखणं वगैरे भानगडच नाही, काढायचं तर संसदेतूनच.

हां, लाचेच्या सापळ्यात सापडले असाल तर वरचं सारं विसरा, 48 तासांवर कोठडी झाली की निलंबन धरूनच चालायचं. तसं नसेल तर खुलासा आजच लिहा, आवकला द्या, दुसऱ्या प्रतीवर शिक्का अन तारीख घ्या. अन घरात कोणी बाबू असेल तर त्याला दिल्यावरच सांगा.