अंगणवाडी चांगली आहे, हे ओळखायचं कसं?

प्रश्न : आम्ही दिघ्याला राहतो. मुलगी साडेतीन वर्षांची आहे. चाळीच्या टोकाला अंगणवाडी आहे, खोली लहान, वर पत्रा. सासूबाई म्हणतात, 'तिथे खिचडीशिवाय काय मिळणार? नर्सरीत घाल, एबीसीडी तरी येईल.' मी रबाळ्याला कंपनीत पॅकिंगला जाते. नर्सरीची फी झेपणार नाही. अंगणवाडी चांगली की वाईट, हे आमच्यासारख्यांनी ठरवायचं कसं?
– एक आई, दिघा

उत्तर : ताई, एक दिवस रजा टाका आणि सकाळी तासभर त्या अंगणवाडीत भिंतीला टेकून बसा. पत्र्याचं मनाला लावून घेऊ नका. बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडच्या पाड्यांवर, म्हणजे आपल्याच जुन्या ठाणे जिल्ह्यात, मुलांच्या अंगणातच शाळा नेली होती. तुम्ही फक्त ऐका, खोलीत बोलतंय कोण?

मी 26 वर्षं मुख्यसेविका, म्हणजे अंगणवाड्यांची पर्यवेक्षिका होते. सुरुवातीला मी अंगणवाडी रजिस्टरावरून तपासायची : हजेरी, वजनं, धान्याचा साठा. एकीचं सगळं चोख असायचं, तिला माझा पहिला नंबर ठरलेला. एकदा एसटी चुकली म्हणून तिथेच थांबले. बावीस मुलं हाताची घडी घालून बसलेली. तासाभरात एकाही मुलाच्या तोंडून धड वाक्य निघालं नाही. तो नंबर मीच देत आले होते, ही बोच अजून जात नाही.

त्याच महिन्यात शहापूरकडच्या एका पाड्यावर मदतनीस मूग निवडत होती. एक पोरगा तिच्या सुपातला खडा घेऊन सेविकेकडे आला, 'बाई, हा पण फुगंल?' ती म्हणाली, 'तुला काय वाटतं?' मग दोन वाट्यांत पाणी, एकीत मूग, एकीत खडा. जेवायच्या वेळेपर्यंत पोरं त्या वाट्यांपासून हलेनात. भांडत होती, मोजत होती, बोट घालून बघत होती. साडेतीन वर्षांच्या मुलीला एबीसीडीपेक्षा हे हवं.

असं बसून बघायचं, ही माझीच लहर नाही. अमेरिकेत हार्म्स आणि क्लिफर्ड यांनी 1980 मध्ये बालवर्गांचा दर्जा मोजायला एक ते सात गुणांची मोजपट्टी केली, तीही वर्गात बसून, बघूनच भरायची असते.

खेळणी मुलांच्या हातात आहेत की कपाटात कुलूपबंद, बघा. रडणाऱ्या मुलाला कोण जवळ घेतं, बघा. खिचडीला नावं ठेवू नका. तीन ते सहा वर्षांच्या मुलाला रोज किती कॅलरी आणि किती प्रथिनं मिळावीत, याचा नियम आहे. डबा उघडल्यावर डाळ दिसते का, तेवढं पाहा. मुलीचं वजन केल्यावर वाढीच्या तक्त्यावरचा ठिपका तुम्हाला दाखवतात का, हेही विचारा.

काही खटकलं तर आधी सेविकेशीच बोला. सर्वेक्षण, लसीकरणाचा दिवस, मोबाइलवरची माहिती, सगळं तिच्याच माथी असतं. मुलांसाठी तिला दिवसाचा किती वेळ उरतो, ते तिलाच विचारा. तो फारच कमी असेल तर चार आया मिळून पर्यवेक्षिकेला भेटा. एकटीचं म्हणणं बहुधा वहीतच राहतं.