शेवटून दुसरी बस: जंगलवाटांविषयी प्रश्नोत्तरे

शहरातून बसने किंवा रेल्वेने निघून, दिवसभर जंगलात चालून, अंधाराआधी तसेच घरी परतू इच्छिणाऱ्या वाचकांची पत्रे अलीकडे वाढली आहेत. त्यांतील बहुतेकांत एकच गोंधळ पुन्हा पुन्हा आढळतो, म्हणून तो प्रश्न आधी घेतो.

प्रश्न: जाऊन-येऊन १२ किलोमीटरची वाट आहे, चढ एकूण ६०० मीटरचा आहे. मित्र म्हणतो, तीन तासांत होते. शेवटची बस संध्याकाळी ६.१० ला आहे आणि तीच गाठायची असे ठरवले आहे. नियोजन बरोबर आहे ना?

उत्तर: नाही. साप, अस्वले आणि चोर यांच्या भीतीने लोक मला पानेच्या पाने लिहितात, पण माझ्या अनुभवात जंगलातला दिवस बिघडतो तो परतीच्या बसपायी. बस चुकेल म्हणून माणूस उतारावर धावतो आणि पाय मुरगळून घेतो, बस चुकेल म्हणूनच मळलेली वाट सोडून आडवाटेला लागतो, आणि एवढे करून बस चुकतेच.

‘मित्र म्हणतो’ हा वेळेचा हिशेब नव्हे. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये मांडलेला आडाखा आजही उपयोगी पडतो: नकाशावरच्या दर ३ मैलांना, म्हणजे जवळजवळ ५ किलोमीटरना, एक तास आणि चढाच्या दर २,००० फुटांना, म्हणजे साधारण ६०० मीटरना, वर आणखी एक तास. या हिशेबाने तुम्हाला जाताना २ तास १२ मिनिटे आणि येताना १ तास १२ मिनिटे लागतील. मात्र हा आडाखा वाटेत कुठेही न टेकणाऱ्या धडधाकट माणसाचा आहे. पाणी पिण्यासाठी थांबणारे, फोटो काढणारे आणि सॅकचे पट्टे सैल-घट्ट करत बसणारे तुमच्या-माझ्यासारखे लोक असतील तर मी या वेळेची सरळ दीडपट करतो. मग तीन तासांची सहल पाच तासांवर जाते.

आता हिशेब उलट्या दिशेने करावा. ६.१० ची बस विसरून जा. तिच्या आधीची बस समजा ४.४० ला असेल, तर तीच तुमची बस आणि ४.२० ला तुम्ही थांब्यावर उभे असले पाहिजे. उतरायला दीडपटीने पावणेदोन तासांहून थोडा अधिक वेळ लागेल, म्हणजे दुपारी अडीच वाजता, माथा शंभर पावलांवर आला असला तरी, पाठ फिरवायची. ही वेळ सकाळीच सर्वांसमक्ष ठरवावी, कारण माथा दिसू लागल्यावर कोणाचेही डोके ठिकाणावर राहत नाही. ६.१० ची बस राखीव आहे आणि राखीव गोष्ट नियोजनातच खर्ची टाकायची नसते.

वेळापत्रकाविषयीही सांगितले पाहिजे. पूर्वी एकदा मी थांब्यावरच्या काचेआडचे वेळापत्रक मोठ्या तत्परतेने वहीत उतरवून घेतले होते. शेवटच्या फेरीच्या आकड्याशेजारी एक बारीक फुली होती आणि तिचा अर्थ सर्वांत खालच्या ओळीत, ओल लागून फुटलेल्या शाईत दिला होता: ‘फक्त शाळेच्या दिवशी’. तो सुट्टीचा दिवस होता. पुढचा नऊ किलोमीटरचा डांबरी रस्ता मी, मागून येणाऱ्या प्रत्येक वाहनासाठी कडेच्या गवतात उतरत, काळोखात तुडवला. तेव्हापासून आदल्या दिवशी चौकशी कक्षाला फोन केल्याशिवाय मी निघत नाही. उद्याच्या तारखेला शेवटच्या दोन्ही फेऱ्या धावणार आहेत का, हात दाखवल्याशिवाय बस थांबते का, आणि ती आधीच्या थांब्यांवरच भरून येते का, एवढे विचारावे. सकाळी उतरताना बसचालकालाही विचारावे. फोनवरच्या ॲपमध्ये वेळ दिसली एवढ्यावर कोणीही विसंबून राहू नये.

प्रश्न: ज्या थांब्यावर उतरलो तिथेच परत यायला हवे का?

उत्तर: नको. ती सक्ती स्वतःची गाडी पायथ्याशी लावून ठेवणाऱ्यांना असते. तुम्ही पलीकडच्या बाजूला उतरू शकता, फक्त तिथल्या परतीच्या फेऱ्यांची वेगळी चौकशी करा.

प्रश्न: सर्पदंश झाल्यास विष ओढून काढणारा पंप घ्यावा का? विक्रेता म्हणतो, त्याच्याशिवाय जंगलात पाऊल टाकू नका.

उत्तर: विक्रेत्याला पंप विकायचा आहे. दंशानंतर विष ऊतींमध्ये पसरू लागते आणि अशा पंपाने त्याचा उपयोगी पडेल एवढा अंश बाहेर येत नाही, उलट त्या जागेच्या ऊतींना इजा होऊ शकते. तोंडाने चोखणे, जखमेवर चिरा देणे, करकचून दोरी आवळणे, बर्फ लावणे हेही सर्व टाळावे. माणसाला शांत बसवा, अंगठ्या आणि घड्याळ काढून घ्या, दंशाचा हात किंवा पाय हलणार नाही असा आधार द्या, आणि बसची वाट न पाहता आपत्कालीन सेवेला बोलवा. उपाय प्रतिविषाचाच आहे आणि ते रुग्णालयात मिळते. ज्या भागात जाणार तिथल्या कोणत्या रुग्णालयात ते ठेवलेले असते, ही चौकशी घरून निघण्याआधीची आहे. पट्टी बांधावी की नाही, हे त्या भागातील सापांच्या जातींवर अवलंबून असल्याने स्थानिक डॉक्टरांचाच सल्ला घ्यावा.

प्रश्न: पंधरा दिवसांपूर्वी जंगलातून आल्यावर मांडीला गोचीड चिकटलेली आढळली. शेजाऱ्यांच्या सांगण्यावरून तेल लावून काढली. चार दिवसांपासून ताप आहे. काय करावे?

उत्तर: हे वाचत असाल तर वाचन थांबवून डॉक्टरांकडे जा. चार दिवस ताप अंगावर काढून मला पत्र लिहिण्यात कोणते शहाणपण आहे? डॉक्टरांना जंगलात गेल्याची तारीख आणि ठिकाण सांगा, चट्टा उठला असेल तर दाखवा, कारण गोचिडीतून होणाऱ्या आजारांची शंका या माहितीशिवाय चटकन येत नाही. इतरांनी लक्षात ठेवावे की तेल, रॉकेल, पेटती काडी यांपैकी काहीही वापरायचे नसते. बारीक टोकाच्या चिमट्याने गोचिडीला कातडीलगत धरून, न पिळता, एकसारख्या जोराने सरळ वर ओढावे, जागा साबणाने धुवावी आणि तारीख लिहून ठेवावी.

प्रश्न: वाट चुकल्यास ओढ्याच्या कडेने खाली जावे, शेवाळावरून उत्तर दिशा ओळखावी, असे ऐकले आहे. खरे का?

उत्तर: ऐकीव गोष्टींत या दोहोंनी फार माणसे दमवली आहेत. शेवाळाला ओल आणि सावली लागते, ती दाट झाडीत खोडाच्या कोणत्याही अंगाला मिळते. ओढा खाली जातो हे खरे, पण तो कड्यावरूनही खाली जातो आणि तुम्हाला तसे जाता येत नाही.

आपण सरळच चाललो आहोत ही समजूतही सोडावी. जर्मनीतील माक्स प्लांक संस्थेच्या संशोधकांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, ढगाळ दिवशी जंगलात सरळ चालायला सांगितलेली माणसे नकळत गोल फिरून स्वतःचीच वाट ओलांडत होती, तर सूर्य दिसत असताना चालणारी बरीचशी सरळ गेली. आपल्याकडे ज्याला ‘चकवा’ म्हणतात त्याचा उलगडा बहुधा एवढाच आहे. तेव्हा वाट चुकल्याचे ध्यानात येताच थांबावे, बसावे आणि पाणी प्यावे. शेवटची खात्रीची खूण कोणती होती आणि तिथपर्यंत निःसंशय परतता येईल का, याचा विचार करावा. परतता येत नसेल तर जागा सोडू नये. शिट्टी मिनिटाला सहा वेळा वाजवून एक मिनिट थांबावे आणि पुन्हा सुरू करावे. मिनिटाला तीन शिट्ट्या ऐकू आल्या तर ते तुम्हाला मिळालेले उत्तर आहे. कुठे जातो आणि किती वाजेपर्यंत कळवतो हे घरी लिहून ठेवलेले असेल, तरच कोणी शोधायला निघते, हे वेगळे सांगायला नको.

प्रश्न: जंगलात नेटवर्क नसते, मग फोनवरचा नकाशा निरुपयोगी ना?

उत्तर: असे नाही. जीपीएसला मोबाइलचे नेटवर्क लागत नाही, तो उपग्रहांचे संदेश थेट घेतो. नकाशा मात्र घरीच उतरवून ठेवलेला असावा लागतो. नेटवर्क शोधण्यातच फोनची बॅटरी संपते, म्हणून तो विमान मोडवर ठेवावा. नकाशावरची प्रत्येक रेघ म्हणजे वाट असेही समजू नये, कोणी भरकटलेल्या माणसाने नोंदवलेला माग किंवा बंद केलेला रस्ताही तिथे तसाच दिसतो. वाट खुली आहे का, हे वनविभागाच्या कार्यालयात विचारावे आणि कागदी नकाशा प्लास्टिकच्या पिशवीत घालून सोबत ठेवावा.

प्रश्न: नवे बूट पहिल्याच सहलीला घालावेत का?

उत्तर: नाही. आधी आठ-दहा दिवस घरात आणि रस्त्यावर वापरा. बूट संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना, चालताना घालणार तेच मोजे घालून घ्यावेत आणि दुकानातल्या एखाद्या उतारावर उभे राहून बोटे पुढे टेकत नाहीत ना हे पाहावे. ‘जलरोधक’ या शब्दाला भुलू नका: वरून आत शिरलेले पाणीही तो बूट तितक्याच निष्ठेने अडवून ठेवतो.

प्रश्न: गुडघे दुखतात, रक्तदाबाची गोळी चालू आहे, वय ६३ आहे. जाऊ का?

उत्तर: हे डॉक्टरांना विचारा, आणि विचारताना नुसते ‘फिरायला’ न म्हणता किलोमीटर, चढ आणि तास सांगा. गुडघ्यांना चढापेक्षा उतार जड जातो, तेव्हा दोन काठ्या घ्याव्यात आणि बस उंचावर सोडते म्हणून केवळ उताराची वाट निवडण्याचा मोह टाळावा.

प्रश्न: एका गटाची जाहिरात आली आहे: आज रात्रीपर्यंत नोंदणी केल्यास सवलत, उद्यापासून जागा नाहीत. घाई करावी का?

उत्तर: घाई करायला लावणारा माणूस जंगलातही तेच करील. एका म्होरक्यामागे किती माणसे, त्याने प्रथमोपचाराचे प्रशिक्षण घेतले आहे का, ही वाट त्याने याच ऋतूत चालून पाहिली आहे का, वनविभागाची परवानगी कोणाच्या नावावर आहे आणि हवामान बिघडल्यास पैसे परत मिळतात का, हे लेखी विचारा. उत्तरे टाळली गेली तर सवलत त्यांनाच लखलाभ असो.

प्रश्न: कुत्रा सोबत न्यावा का?

उत्तर: वनविभाग आणि वाहतूक सेवा या दोघांनीही होकार दिला तर, तोही साखळीला बांधून.

प्रश्न: सहल दिवसाचीच आहे. फोनला दिवा असताना वेगळा टॉर्च कशासाठी?

उत्तर: कारण फोनची बॅटरी तुम्हाला फोनसाठी लागेल. सूर्य क्षितिजाखाली ६ अंश जाईपर्यंत उघड्यावर दिव्याविना वावरता येते. विषुववृत्ताजवळ हा अवधी वीस-बावीस मिनिटांत संपतो, ध्रुवांकडे जावे तसा लांबतो, पण दाट झाडीखाली कोठेही अंधार त्याआधीच येतो. डोक्याला लावायचा टॉर्च घ्यावा, म्हणजे हात मोकळे राहतात. उशीर होऊन ६.१० च्या बसवर वेळ आलीच, तर थांब्यावर तो काढून हातात धरावा आणि उजेड चालकाच्या डोळ्यांवर न मारता स्वतःच्या अंगावर पाडावा, म्हणजे हात दाखवणारा माणूस त्याला दुरूनच दिसतो.