एका माणसाचा आवाज एकच

प्रिय मित्रा,

तुझं पत्र दोनदा वाचलं. तुझ्या नव्या चर्चास्थळावर तीन आठवड्यांत ४० जणांनी नोंदणी केली, पण आपणहून लिहिणारा जवळपास तू एकटाच. मग १०-१२ डुआयडी, म्हणजे तूच चालवायची दुसऱ्या नावांची खाती, काढून थोडी वर्दळ दाखवली तर काय बिघडलं, असं तू विचारतोस. ‘सगळेच करतात’ हे वाक्य त्यात तीनदा आलंय. लबाड माणूस असं विचारत बसत नाही, म्हणून तुझ्या हेतूबद्दल मला शंका नाही आणि धीर देण्यात वेळही घालवत नाही. उत्तर ‘नाही’ असं आहे. एका माणसाचा आवाज एकच.

आधी ही शांतता समजून घे. संकेतस्थळांच्या वापराचे अभ्यासक याकोब नील्सन यांनी २००६ मध्ये ऑनलाइन समुदायांबद्दल एक ढोबळ प्रमाण मांडलं: १०० पैकी ९० जण नुसतं वाचतात, ९ जण अधूनमधून लिहितात आणि सतत लिहिणारा एकच असतो. तुझ्या ४० जणांत या हिशेबाने सतत लिहिणारा अर्धा माणूसही बसत नाही. अधूनमधून लिहिणारे तीन-चार, बाकी सगळे रोमात, म्हणजे नुसते वाचणारे. यात तुझी चूक असेल तर ती विभागांची. ४० माणसांसाठी तू १२ विभाग उघडलेस. कुठल्याही विभागात गेलं तरी शेवटचा धागा, म्हणजे शेवटची चर्चा, आठ दिवसांपूर्वीची दिसते. आज १० विभाग बंद कर. दोन ठेव.

आता तुझा दाखला, की दुवे आणि चर्चांचं संकेतस्थळ रेडिट यानेही सुरुवातीला खोटी खाती वापरली. तो खरा आहे. २००५ मध्ये सुरुवातीला संस्थापक स्वतःच वेगवेगळ्या नावांनी दुवे टाकत होते. स्टीव्ह हफमन यांनीच २०१२ मध्ये ते सांगितलं. दुवा टाकायच्या त्यांच्या अर्जात दुव्याचा पत्ता आणि शीर्षक यांच्या खाली सदस्यनावाची तिसरी चौकट होती. नाव भरलं की नवं खातं तयार. पण त्या वेळी तिथे प्रतिसादांची सोयच नव्हती, ती २००५ च्या डिसेंबरमध्ये आली. म्हणजे कुणी खोट्या माणसाशी बोलत नव्हतं. दुवे त्यांना स्वतःला वाचावेसे वाटणारे होते. खोटी होती ती माणसांची संख्या. तेवढंही मला पटत नाही. लोक टिकले ते दुव्यांमुळे, असं माझं मत आहे, आणि दुवे स्वतःच्या नावानेही टाकता येतात. तू जे करू बघतोयस ते याच्या कितीतरी पुढचं आहे. तुला संवाद रचायचाय.

दुसरा दाखला घे, जो कुणी देत नाही. ऑक्टोबर २००२ मध्ये इंग्रजी विकिपीडियावर अमेरिकेतल्या गावाशहरांवरचे सुमारे ३० हजार लेख एका संगणकीय खात्याने जनगणनेच्या आकडेवारीतून तयार केले. खात्याचं नाव होतं ‘रॅम-बॉट’. नावातच बॉट, म्हणजे यंत्र. लेख रूक्ष आहेत अशी तक्रार झाली, वाद झाले, पण फसवलं असं कुणाला म्हणता आलं नाही. रिकामी जागा भरायला हरकत नाहीच. कोण भरतंय हे वाचणाऱ्याला दिसलं पाहिजे, एवढंच.

खोटा संवाद नक्की कुठे लागतो ते जरा जवळून बघ. तुझ्या एका डुआयडीने धागा काढला: ‘वडिलांना हल्ली काही आठवत नाही, रात्री उठून दार उघडतात, काय करू?’ इतके दिवस फक्त वाचणारी एक बाई रात्री पावणेबाराला लिहायला बसते. आईचं सगळं तिने केलंय. ती लिहिते की कडी नेहमीच्या उंचीवर ठेवू नका, वर लावा. खिशात फोन नंबराची चिठ्ठी शिवून ठेवा. चिडू नका, मी चिडायचे. चारशे शब्द, त्यातला प्रत्येक शब्द तिला महाग पडलेला. आणि समोर ना मुलगा आहे ना वडील. आहेस तू, आणि तू ‘धन्यवाद ताई’ असं टंकून पुढच्या डुआयडीत शिरतोस. पहिलं लिखाण तिने हवेला दिलं. हे तिला कधी कळणार नाही असं तू म्हणशील. अरे, कळो न कळो, घेतलंस तर तू!

आणि कळतंच. सहा आयडी ‘नाहीये’ एकाच पद्धतीने लिहितात, प्रत्येक वाक्याअखेर दोनच टिंबं देतात. सगळे रात्री दहा ते बारा जागे, रविवारी सगळे गप्प. एकमेकांना चार मिनिटांत प्रतिसाद, पण अनोळखी माणसाने अवघड काही विचारलं की एकही फिरकत नाही. जुने सदस्य हे नुसतं वाचून ओळखतात, आयपी पत्ता (कुठल्या इंटरनेट जोडणीवरून लिहिलं ते) बघावा लागत नाही. एक डुआयडी सापडला की उरलेल्या खऱ्या माणसांवरही संशय येतो, आणि तो निवारायला तुझ्याकडे काही नसतं.

तुझं स्वतःचं नुकसान आणखी वेगळं. महिन्याच्या ६० प्रतिसादांतले ४५ तुझे असले, तर कुठला विषय चालतोय हे तुला कसं कळणार? तापमापक तू स्वतःच्या हाताने गरम केलास. मोजायचंच असेल तर व्यवस्थापकाची खाती वगळून मोज: नवा सदस्य ७ दिवसांनी आणि ३० दिवसांनी परत आला का, पहिल्या प्रतिसादाला किती तास लागले, एका धाग्यावर वेगळी माणसं किती, २४ तासांत कोरे राहिलेले धागे किती. हे आकडे लहान असतील. लहान असू देत, खरे असू देत.

एआयकडून प्रतिसाद लिहून घेतले तर शैली वेगवेगळी येईल, असंही तू सुचवलंयस. २०२५ च्या एप्रिलमध्ये उघड झालं की झुरिच विद्यापीठाच्या संशोधकांनी रेडिटवरच्या ‘चेंज माय व्ह्यू’ समुदायात, जिथे लोक आपलं मत मांडून ते बदलून दाखवा म्हणतात, एआयने लिहिलेले हजाराहून जास्त प्रतिसाद न सांगता टाकले होते. त्यात एक खातं आघातग्रस्तांचा समुपदेशक म्हणून बोलत होतं. शैली जमली होती, लोकांची मतंही बदलली होती. लोक संतापले ते हे न सांगता केल्यामुळे. यंत्राला तुझ्याकडे जागा हवी असेल तर ‘बॉट’ अशी पाटी लावून दे. एका माणसाचा आवाज एकच, आणि यंत्राचा आवाज माणसाचा नाही.

टोपणनावाला माझा विरोध नाही, हे नीट वाच. खोटं नाव म्हणजे खोटा माणूस नव्हे. आजाराबद्दल किंवा घरातल्या मारहाणीबद्दल लिहायला कुणी दुसरा आयडी घेतला तर घेऊ दे. अट एवढीच की ते दोन आयडी एका धाग्यावर भेटू नयेत, एकमेकांना +१ (सहमतीची खूण) देऊ नयेत. विकिपीडियाही दुसरं खातं सरसकट नाकारत नाही, पाठिंब्याचा आभास तयार करणं नाकारतो. मित्रांना बोलावलंस तरी चालेल. त्यांना मजकूर लिहून पाठवलास की तेही डुआयडीच.

मग करायचं काय? १५ माणसं निवड, जी मुळात बोलकी आहेत. प्रत्येकाला स्वतंत्र पत्र लिही, त्यात असा एकच प्रश्न घाल की ज्याचं उत्तर त्यालाच देता येईल. सगळ्यांना एकच साचा पाठवलास तर दोघंही येणार नाहीत. आठवड्याला तिघं पुरे. ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी एक धागा काढ आणि सलग तीन महिने तो चुकवू नकोस. नव्याचं पहिलं लिखाण एका दिवसाच्या आत वाच. उत्तर द्यायची घाई करण्याऐवजी त्या विषयातल्या सदस्याला हाक मार. तुला माहीत असलेल्या गोष्टींवर स्वतःच प्रश्न मांडून स्वतःच उत्तर दे, दोन्ही तुझ्याच नावाने. प्रोग्रॅमिंगच्या प्रश्नोत्तरांच्या स्टॅक ओव्हरफ्लो या संकेतस्थळावर हे राजरोस चालतं. ‘सध्या २ सदस्य हजर’ हा आकडा बोचत असेल तर काढून टाक. न दाखवणं वेगळं, फुगवून दाखवणं वेगळं.

तुला मी कठोर वाटेन. या बाबतीत माझा हट्ट आहे आणि तो मला स्वस्तात मिळालेला नाही. ‘तात्पुरतं करू’ हे शब्द मीही उच्चारले आहेत. त्याची हळहळ अजून गेली नाही, म्हणून तुझ्यावर जास्त ओरडते आहे.

पत्राच्या शेवटी, जाता जाता लिहावं तसं तू लिहिलंस की चार आयडी आधीच काढलेत. ते आज रात्रीच थांबव. धागे पुसू नकोस, त्यांत खऱ्या माणसांची उत्तरं आहेत. त्या आयडींनी दिलेले +१ काढ, खाती बंद कर आणि प्रत्येकावर ‘हे खातं व्यवस्थापक चालवत होता’ असं लिही. ज्यांनी मनापासून लांब उत्तरं दिली त्यांना जाहीर निवेदनाआधी वैयक्तिक पत्र पाठव. निवेदनात चारही नावं, तारखा आणि काय केलंस ते येऊ दे. का केलंस ते एका ओळीत, समर्थन नको. खाली लोक चिडतील. तो धागा कुलूपबंद करू नकोस. काही जण सोडून जातील, त्यांना अडवू नकोस.

निवेदनाचा मसुदा आधी मला पाठव. आणि सोबत त्या १५ जणांची यादी, प्रत्येकाच्या नावापुढे त्याला विचारायचा प्रश्न लिहून. रविवारपर्यंत वाट बघते.

तुझी,
ताई